उरीयाचं नाव कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘तुमच्या बायबलमध्ये एवढी लफडी आणि खून, देवाला धड माणसं मिळाली नाहीत का?’ ऑफिसातल्या मैत्रिणी हे हसत विचारतात. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, मुली हसत नाहीत. त्यांना पुढचंही विचारायचं असतं, की यात हाल बायांचेच का?

धड माणसं मिळाली नसावीत, असं माझं मत. पण देवाने एखाद्याला हाताशी धरलं म्हणजे त्याचं पाप पोटात घातलं, असं मला कुठे दिसत नाही.

बायबलच्या पहिल्याच पुस्तकातली, उत्पत्तीच्या 38व्या अध्यायातली तामार बघा. यहूदाची सून. दोन नवरे, सख्खे भाऊ, एकामागून एक गेले. रिवाजाप्रमाणे धाकट्या शेलाशी तिचं लग्न व्हायचं. तो मोठा होईपर्यंत माहेरी राहा, असं सांगून यहूदाने तिची बोळवण केली. शेला मोठा झाला, बोलावणं काही आलं नाही. मग सासरा मेंढरांची लोकर कातरायला तिम्नाला निघालाय असं कळल्यावर तिने वैधव्याची वस्त्रं उतरवली, तोंड झाकून घेतलं आणि एनाईमच्या वाटेवर जाऊन बसली. यहूदाला ती वेश्या वाटली. करडू पाठवून देतो म्हणाला. तिने तोवर गहाण मागितलं: त्याची मुद्रा, गोफ आणि हातातली काठी. म्हणजे आजचं आधार कार्डच की!

तीन महिन्यांनी सून गरोदर असल्याचं कानावर आलं, तेव्हा हाच यहूदा म्हणाला, तिला बाहेर काढा आणि जाळा. तिने आरडाओरडा केला नाही. त्या वस्तू सासऱ्याकडे पाठवल्या, ह्या ज्याच्या आहेत त्याच्यापासून मला दिवस गेलेत, ओळखा म्हणाली. ‘ती माझ्याहून नीतिमान आहे,’ यहूदाला म्हणावं लागलं. योसेफाला, आपल्याच भावाला, विकून टाकू ही युक्ती काढणारा हा माणूस. त्याच्या तोंडून एवढं वदवायला सुनेला जीव पणाला लावावा लागला. तिच्या मुलाच्या, पेरेसच्या वंशात पुढे दावीद राजा आला.

दाविदावरून मात्र माझं उपदेशकांशी भांडण आहे. बथशेबा गच्चीवर अंघोळ करत होती, हे किती वेळा ऐकायचं? बायबलमधलं दुसरं शमुवेल हे पुस्तक उघडा, 11वा अध्याय. गच्चीवर होता तो राजा. सैन्य राब्बाला वेढा घालून बसलेलं आणि हा घरी. त्याने माणसं पाठवून तिला आणवलं. राजाच्या माणसांना नाही म्हणायची तिची काय टाप! मग तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईच्या तोंडी दिलं. तसा हुकूम असलेलं पत्र उरीयाच्याच हातून सेनापतीला धाडलं. नाथान संदेष्टा राजाला गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो. श्रीमंताने ती कापून पाहुण्याला वाढली, यात मेंढीचा काय दोष? ‘तो मनुष्य तूच आहेस’ हे नाथान एकट्या दाविदाला सुनावतो.

सगळ्याच जणींना न्याय मिळाला असंही नाही. दाविदाच्या मुलीचं नावही तामारच. सावत्र भाऊ अम्नोनने आजाराचं सोंग करून तिला पोळ्या करायला बोलावून घेतलं आणि तिच्यावर बलात्कार केला. दावीद संतापला, पण मुलाला काही शिक्षा केली नाही. ती अबशालोमाच्या, सख्ख्या भावाच्या घरी, उजाड होऊन राहिली. यात देवाची योजना होती वगैरे कुणी सुरू केलं की मी उठून चहा टाकायला जाते.

दाविदाच्या पश्चात्तापाचं 51वं स्तोत्र आम्ही ईस्टरआधीच्या उपवासकाळात म्हणतो. ‘तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे,’ असं तो देवाला म्हणतो. दरवर्षी मी तिथे अडते. उरीयाचं काय? बथशेबेचं? पाप शेवटी देवाविरुद्धच असतं, असं जाणकार समजावतात. असेल. पण शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाला येशूची वंशावळ लिहिताना ‘दाविदाला शलमोन झाला’ एवढ्यावर भागवता आलं असतं. त्याने लिहिलं, उरीयाच्या बायकोपासून झाला. तेव्हा दाविदाला जाऊन हजारेक वर्षं झाली होती आणि उरीया तर परका, हित्ती. मुलींना मी आधी ही ओळ दाखवते, स्तोत्र नंतर.