जुन्या ट्रॅव्हलरच्या कॅम्परला कोणतं इंजिन?

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर किंवा मॅटाडोर घेऊन कॅम्पर करायची ठरली की पलंग, सिंक, सोलर यांवर महिनाभर चर्चा चालते, आणि इंजिनाचं "बघू, बसवू एखादं" म्हणून राहून जातं. ते सगळ्यात आधी ठरवा. मुंबईहून नाशिकला परत येताना कसारा घाटात तो सगळा संसार इंजिनालाच ओढायचा आहे.

पहिल्यांदा वजन मोजा. 18 मिमी प्लायची 8 बाय 4 ची एक शीट 35 किलोच्या आसपास भरते. 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी 50 ते 60 किलो, आणि 100 लिटर पाणी म्हणजे सरळ 100 किलो. भरलेली गाडी तीन टन धरू. शंभर मीटरला पाच मीटर असा चढ ताशी 50 ने चढायला चाकांवर साधारण 38 एचपी लागतात. 30 ने चढलात तर 20 मध्ये भागतं. या गाड्यांत येणारं मर्सिडीज घराण्यातलं 2.4 लिटरचं ओएम 616 सत्तरेक एचपीचं आहे. म्हणजे धडधाकट असेल तर ते पुरतं. "गाडी ओढत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा थकलेल्या इंजिनाची असते, लहान इंजिनाची नव्हे.

म्हणून माझा कौल स्पष्ट आहे: गाडीत आहे तेच इंजिन खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा बांधून घ्या. ब्लॉक किंवा क्रँक कामातून गेला असेल तर त्याच मेकचं, त्याच टाइपचं दुसरं शोधा. कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या नव्या इंजिनाच्या मोहात पडू नका. ट्रॅव्हलरचं नवं 2.6 कॉमन रेल 115 एचपी आणि 350 न्यूटन-मीटर टॉर्क (पिळाची ताकद) देतं, जुन्या 616 चा टॉर्क जेमतेम 137. जुना क्लच, गिअरबॉक्स आणि मागचा क्राउन-पिनियन (मागच्या चाकांना फिरवणारे गिअर) त्या 137 च्या हिशेबाने बनलेले आहेत. आधी क्लच घसरायला लागतो, मग पुढचं एकेक जातं. वर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग आणि सेन्सर. कळवणच्या पुढे कुठे बंद पडली तर स्कॅनरवाला येईपर्यंत गाडी जागेवरच. जुना मेकॅनिकल पंप मात्र डिझेल आणि हवा काढायला एक पाना मिळाला की पुन्हा चालू होतो.

इंजिन बघायला जाल तेव्हा ते पूर्ण थंड असू द्या. आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. चालू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडून तोंडावर उलटं ठेवा. ते थोडं थरथरलं तर चालेल. उडून पडत असेल आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर भकाभका येत असेल तर रिंगा आणि बोअर गेले. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. डिझेलच्या वासाचा पांढरा धूर म्हणजे कंप्रेशन कमी, हीटर प्लग मेलेला किंवा डिझेल सोडण्याचं टायमिंग मागे पडलेलं. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट फुटलंय किंवा हेडला क्रॅक आहे.

कंप्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) करण्याआधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, लावा. ही पायरी फार जण गाळतात आणि नाहक इंजिन खोललं जातं. 616 चं थंड सेटिंग इनटेकला 0.10 मिमी, एक्झॉस्टला 0.30. व्हॉल्व्ह सीटमध्ये झिजून वर सरकतो तशी ही फट कमी होत जाते, शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही आणि गेज कमी दाखवतो. टॅपेट नीट लावूनच मोजा. चार सिलिंडरांत 3 बारपेक्षा जास्त फरक नको. कमी दिसलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा, जास्त मात्र ओतू नका. आकडा चढला तर रिंगांचं काम, जिथल्या तिथे राहिला तर हेडचं.

पंप आणि नोझलच्या बाबतीत आपण नाशिककर नशीबवान. इथल्या मायको सर्कलचं नावच मायको, म्हणजे आजच्या बॉश कंपनीवरून पडलंय. बॉशच्या सातपूरच्या कारखान्यात नोझल-इंजेक्टर बनतात. 616 चे नोझल 115 ते 125 बारला उघडायला हवेत. टेस्टरवर फवारा धुक्यासारखा पडतो की धार लागते, ते स्वतः उभं राहून बघा. खाली बसणारे वॉशर दर वेळी नवे. टायमिंग चेन ताणली असेल तर पंपाचं टायमिंगही मागे जातं, तेव्हा चेन तपासल्याशिवाय पंपाला दोष देऊ नका.

आरटीओचं काम पुढे ढकलू नका. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे बदललेल्या इंजिनाची नोंद आरसीवर व्हावी लागते. म्हणून भंगारातलं इंजिन घेताना बिल आणि मूळ गाडीच्या कागदांची प्रत मागा, ब्लॉकवरचा नंबर घासलेला नाही ना ते बोट फिरवून बघा. वेगळ्या कंपनीचं इंजिन बसवायचं असेल तर परवानगी आधी, पाना नंतर.

आणि इंजिन बसवताना "हीट मारते" म्हणून कुणी थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगितलं तर ऐकू नका. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप. 616 मध्ये तो गरम झाल्यावर बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाटही बंद करतो. काढला की ती वाट उघडीच राहते, बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात फिरत राहतं, आणि मे महिन्यातल्या घाटात काटा आणखी चढतो. रेडिएटर रॉडिंग करून (नळ्या सळईने साफ करून) घ्या, नवा 80 अंशांचा थर्मोस्टॅट टाका, फॅनचा पट्टा बदला.