आलिशान विजेच्या गाडीची किंमत तीन वर्षांत कुठे जाते?

सप्टेंबर २०२३ मध्ये बीएमडब्ल्यूने आयएक्स१ ही विजेवर चालणारी गाडी भारतात ६६.९० लाख रुपयांना आणली. ती पूर्ण बांधणी होऊन परदेशातून येत होती. जानेवारी २०२५ मध्ये त्याच नावाची, अधिक लांब व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर जास्त असलेली) आणि चेन्नईच्या कारखान्यात जोडलेली गाडी ४९ लाखांना बाजारात आली. नव्या गाडीत दोनाऐवजी एकच मोटार असल्याने तिची ताकद कमी आहे, हे मान्य. पण मागच्या आसनावर पाय पसरायला जागा जास्त आहे, आणि आपल्याकडे या किमतीची गाडी घेणारे बहुतेक लोक मागेच बसतात. पहिली गाडी घेणाऱ्याची बॅटरी त्या सोळा महिन्यांत फारशी झिजलेली नव्हती, गाडीला ओरखडाही नसेल, तरी ती विकायला काढल्यावर समोरचा माणूस ४९ लाखांच्या खालीच बोलायला सुरुवात करणार, हे उघड होते.

मी हिशेबांच्या व्यवसायात आहे आणि अशा गाड्या कंपनीच्या किंवा भागीदारी फर्मच्या नावावर घेणाऱ्या उद्योजकांशी माझा नेहमी संबंध येतो. तीन-चार वर्षांनी गाडी विकायची वेळ आली की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: बॅटरी खराब होते म्हणूनच ना इतका कमी भाव मिळतो? माझे मत असे आहे की या घसरणीत बॅटरीच्या प्रत्यक्ष झिजेचा वाटा सर्वांत लहान आहे. नवी गाडी किती वेगाने सुधारते आणि स्वस्त होते, तिच्यावर कर किती लागतो आणि जुनी गाडी घेणाऱ्याला बॅटरीविषयी खात्रीची माहिती किती मिळते, या तीन गोष्टी भाव ठरवतात. त्या समजून घेतल्या तर विकणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे, दोघांचेही नुकसान बरेच टळू शकते.

प्रथम घसरणीचे प्रमाण पाहू. अमेरिकेतील आयसीकार्स या संकेतस्थळाने २०२५ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार तिथे सर्व प्रकारच्या गाड्या पाच वर्षांत सरासरी ४५.६ टक्के किंमत गमावतात, तर विजेच्या गाड्या ५८.८ टक्के. जॅग्वार आय-पेस ७२.२ टक्के घसरून यादीत सर्वांत खाली होती आणि टेस्ला मॉडेल एस ६५.२ टक्क्यांवर. पण त्याच यादीत बीएमडब्ल्यूची सेव्हन सिरीज ६७.१ टक्के, म्हणजे मॉडेल एसपेक्षाही जास्त घसरलेली दिसते. मोठी आलिशान सेडान कोणत्याही इंधनावर चालली तरी दुसऱ्या मालकाकडे जाताना निम्म्याहून अधिक किंमत सोडूनच जाते, हे अनेक वर्षांचे वास्तव आहे. त्यामुळे मर्सिडीज ईक्यूएससारख्या गाडीच्या घसरणीचा सगळा दोष विजेवर टाकणे न्याय्य नाही. उलट पोर्शेच्या पेट्रोलवरील ९११ या गाडीची पाच वर्षांतील घट केवळ १९.५ टक्के आहे. त्याच कंपनीची, तोच बिल्ला मिरवणारी विजेवरची टायकान या बाबतीत तिच्या जवळपासही पोहोचत नाही. म्हणजे नाव मोठे असल्याने भाव टिकतो, हा समज निदान इथे खरा ठरत नाही.

टायकानचे उदाहरण थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे. २०१९ मध्ये जगासमोर आलेली ही गाडी नोव्हेंबर २०२१ मध्ये भारतात दीड कोटी रुपयांपासून मिळू लागली. तिची मोठी बॅटरी ९३.४ किलोवॉट-तासांची (हे साठणाऱ्या विजेचे माप) होती आणि ती जास्तीत जास्त २७० किलोवॉटच्या वेगाने चार्ज होत असे. २०२४ च्या सुधारित आवृत्तीत बॅटरी १०५ किलोवॉट-तासांची झाली, चार्जिंग ३२० किलोवॉटवर गेले आणि एका चार्जमध्ये पार होणारे अंतर लक्षणीय वाढले. पेट्रोल गाडीच्या सुधारित आवृत्तीत दिवे, बंपर आणि आतला पडदा बदलतो, इंजिन बहुधा तेच राहते. म्हणून जुनी गाडी केवळ दिसायला जुनी वाटते. विजेच्या गाडीत मात्र गाडी कशासाठी घ्यायची, त्या मूळ गुणातच मोठी वाढ होते. ईक्यूएसमध्येही हेच घडले: आधीची १०७.८ किलोवॉट-तासांची बॅटरी २०२४ मध्ये ११८ किलोवॉट-तासांची झाली. जुनी गाडी पूर्वीइतकीच चांगली चालत असते, परंतु शोरूममध्ये तिच्या शेजारी उभी असलेली गाडी तिला मागे टाकते, आणि बाजार तुलना शोरूममधल्या गाडीशीच करतो.

त्यात निर्मात्यानेच किंमत कमी केली तर परिणाम एका दिवसात दिसतो. टेस्लाने जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत आपल्या गाड्यांच्या किमती काही आवृत्त्यांत सुमारे वीस टक्क्यांपर्यंत उतरवल्या, आणि त्याच दिवशी रस्त्यावरच्या सगळ्या जुन्या टेस्लांचा भाव उतरला. हर्ट्झ या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये एक लाख टेस्ला घेण्याची घोषणा केली होती. जानेवारी २०२४ मध्ये तिने सुमारे वीस हजार विजेच्या गाड्या विकायला काढल्या आणि त्यापोटी सुमारे २४.५ कोटी डॉलरचा जादा घसारा, म्हणजे गाड्यांच्या किमतीतील घट, हिशेबात दाखवला. ताफा सांभाळणे हाच जिचा व्यवसाय आहे, त्या कंपनीचाही पुनर्विक्रीचा अंदाज इतका चुकला, ही बाब खासगी खरेदीदाराने लक्षात ठेवावी.

भारतात या सगळ्यावर कररचनेचा मोठा परिणाम होतो, आणि त्याची चर्चा फार कमी होते. विजेच्या गाडीवर १ ऑगस्ट २०१९ पासून पाच टक्के जीएसटी आहे. मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि त्यावर २२ टक्क्यांपर्यंत उपकर लागत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याऐवजी सरसकट ४० टक्के लागतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील, वीस लाखांवरील पेट्रोल गाडीला तेरा टक्के रोड टॅक्स भरावा लागतो, तर विजेच्या गाड्यांना त्यातून सूट आहे. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात तीस लाखांवरील विजेच्या गाड्यांवर सहा टक्के कर प्रस्तावित झाला होता, पण त्याच महिन्यात तो मागे घेण्याची घोषणा मुख्यमंत्र्यांनी केली. पहिल्या खरेदीदाराला या सवलती निश्चितच हव्याशा वाटतात. मात्र जुन्या गाडीचा भाव हा नव्या गाडीच्या ऑन-रोड किमतीच्या सावलीत ठरतो. पेट्रोल गाडीचा पहिला मालक भरमसाट कर भरतो आणि तो नव्या गाडीच्या किमतीत मुरलेला असल्याने त्यातला काही भाग पुनर्विक्रीत परत मिळतो. विजेच्या गाडीवर मुळात कर नगण्य असल्याने तसे काहीच परत येत नाही. घेताना मिळालेली सवलत विकताना वजा होते, असे मी माझ्या अशिलांना सांगतो, आणि गाडी घेण्याआधीच सांगतो.

आयात शुल्काचा परिणाम याहून तीव्र आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मर्सिडीजने पूर्ण आयात केलेली एएमजी ईक्यूएस ५३ ही गाडी २.४५ कोटी रुपयांना आणली आणि पुढच्याच महिन्यात चाकणच्या कारखान्यात जोडलेली ईक्यूएस ५८० ही गाडी १.५५ कोटींना. दोन्ही आवृत्त्या एकच नाहीत, एएमजीची ताकद वेगळी आहे; तरी नव्वद लाखांच्या फरकात आयात शुल्काचा वाटा मोठा होता. सप्टेंबर २०२४ मध्ये चाकणहूनच ईक्यूएस एसयूव्ही १.४१ कोटींना आली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिची ४५० ही आवृत्ती १.२८ कोटींना. २०२२ मध्ये घेतलेल्या सेडानचा मालक आज जो भाव सांगेल, तो या कोऱ्या, उंच एसयूव्हीपुढे टिकला पाहिजे. ऑडी ई-ट्रॉन आणि जॅग्वार आय-पेस या २०२१ मध्ये भारतात कोटीच्या आसपास किमतीला आलेल्या गाड्याही आयात केलेल्याच होत्या. सरकारी तिजोरीत गेलेले ते शुल्क दुसरा मालक कधीच भरून देत नाही.

आता माझ्या व्यवसायाशी थेट संबंधित मुद्दा. आयकर नियमांच्या परिशिष्टात विजेवर चालणाऱ्या वाहनांना ४० टक्के घसारा आहे आणि साध्या मोटारगाडीला १५ टक्के. दीड कोटींची विजेची गाडी व्यवसायात पूर्ण तीन वर्षे वापरली, तर घटत्या शिलकीच्या पद्धतीने, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर घसारा काढून, तिची पुस्तकी किंमत ३२.४ लाखांवर येते. तितक्याच किमतीची पेट्रोल गाडी पुस्तकात ९२ लाखांच्या पुढे असते. याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की पुस्तकात ३२ लाख दिसणारी गाडी ६० लाखांना गेली तरी मालकाला तोटा झाल्यासारखे वाटत नाही, म्हणून तो घासाघीस लवकर सोडून देतो आणि एकूण बाजारभाव खाली ओढला जातो. दुसरा परिणाम जीएसटीचा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत जुन्या विजेच्या गाड्यांनाही, नोंदणीकृत व्यावसायिकाने विकल्यास, १८ टक्के दर लागू करण्याचा निर्णय झाला. हा कर पूर्ण किमतीवर लागत नाही. घसारा घेतलेला असेल तर विक्री किंमत आणि घसारा वजा जाता उरलेली किंमत यांच्यातील फरकावरच लागतो. समजा वरील गाडी ७५ लाखांना विकली. फरक ४२.६ लाखांचा होतो आणि कर ७.६७ लाखांचा. पेट्रोल गाडी त्याच भावाला विकली तर फरक उणे येतो आणि कर शून्य. खासगी व्यक्तीने स्वतःच्या वापरातली गाडी विकली तर तिला हा कर लागत नाही. तेव्हा भाव ठरवण्यापूर्वी हा हिशेब मांडावा. आयकरात दिसलेला लाभ इथे काही अंशी परत द्यावा लागतो.

विम्याकडेही लक्ष द्यावे. आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, काढण्याचे कोष्टक ठरलेले आहे: गाडीचे वय दोन ते तीन वर्षे असताना ३० टक्के वजावट, तीन ते चारमध्ये ४० आणि चार ते पाचमध्ये ५० टक्के. ही वजावट निर्मात्याच्या चालू किमतीवर होते. नव्या गाडीची किंमत उतरली की आयडीव्ही आपोआप उतरतो, आणि गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण निकामी झाली तर कर्जाची शिल्लक विम्याच्या रकमेपेक्षा जास्त असू शकते. महाग विजेची गाडी कर्जावर घेणाऱ्याने पहिल्या वर्षांसाठी मूळ बिलाची रक्कम भरून देणारे संरक्षण अवश्य घ्यावे, असे मला ठामपणे वाटते.

राहिली बॅटरी. जिओटॅब या वाहनांच्या विदेचे (डेटाचे) विश्लेषण करणाऱ्या कंपनीने २०२४ मध्ये बॅटरीची क्षमता वर्षाला सरासरी १.८ टक्के घटत असल्याचे नोंदवले होते. पाच वर्षांच्या गाडीत नव्वद टक्क्यांच्या आसपास क्षमता शिल्लक असणे त्या हिशेबाने स्वाभाविक आहे. शिवाय बहुतेक निर्माते आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. ईक्यूएससाठी मर्सिडीजने दहा वर्षे किंवा अडीच लाख किलोमीटर जाहीर केले होते. तरीही ग्राहक घाबरतो, कारण त्याच्या हातात कागद नसतो. पेट्रोल गाडीचे इंजिन ओळखीचा मेकॅनिक आवाजावरून पारखतो. चार मीटर अंतरावरून बॅटरी पारखणारा माणूस आपल्याकडे नाही, आणि एअर सस्पेन्शनपासून पडद्यांपर्यंत दुरुस्तीसाठी अधिकृत कार्यशाळेशिवाय दुसरे दार बहुधा नसते. ही अनिश्चितता खरेदीदार स्वतःच रुपयांत मोजतो आणि भावातून कापतो.

म्हणून विकणाऱ्याने अधिकृत कार्यशाळेतून बॅटरीच्या शिल्लक क्षमतेचा लेखी अहवाल घ्यावा, सर्व्हिसचा संपूर्ण इतिहास आणि सॉफ्टवेअर अपडेटच्या नोंदी जोडाव्यात, आणि हमी दुसऱ्या मालकाला पूर्ण लागू होते का, हे लेखी विचारून घ्यावे. काही कंपन्यांची आजीवन हमी केवळ पहिल्या मालकापुरती असते. घेणाऱ्याने आपल्या सोसायटीत चार्जर बसवण्याची परवानगी व्यवहाराआधी मिळवावी. ज्याच्याकडे स्वतःची पार्किंगची जागा आहे आणि ज्याचा रोजचा प्रवास ठरलेला आहे, त्याच्यासाठी तीन-चार वर्षांची, हमीची निम्मी मुदत उरलेली आलिशान विजेची गाडी हा आज उत्तम व्यवहार आहे, असे माझे मत आहे. सर्वांत मोठी घट दुसऱ्या कोणीतरी सोसलेली असते.

युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून विजेच्या गाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट बंधनकारक होत आहे. आपल्याकडे मालकी बदलताना फॉर्म २९ आणि ३० भरले जातात. त्यांच्यासोबत बॅटरीच्या क्षमतेचे प्रमाणपत्र जोडणे सक्तीचे करायला परिवहन खात्याला फार मोठी यंत्रणा लागणार नाही. ते आकडे प्रत्येक गाडीच्या संगणकात आजही असतात, फक्त मालकाला ते सहज दिसत नाहीत.