आधी दोन कप घ्या

माझ्याकडे कॉफी प्यायला आलेला माणूस निघता निघता एक प्रश्न हमखास विचारतो : "अशी कॉफी घरी करायची तर मशीन कुठलं घेऊ?" परवा तुम्हीही तेच विचारलंत. दारात उभ्या उभ्या मी काहीतरी सांगते, आणि माणूस गेल्यावर वाटत राहतं की सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून आज बसून लिहिते आहे.

मशीन घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. माझ्याकडे मशीन नाही. चिनी मातीचा एक ड्रिपर (कपावर ठेवायचं, तळाला भोक असलेलं शंकूसारखं भांडं), त्यात बसवायचे कागदी फिल्टर, हाताने फिरवायचा ग्राइंडर, दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा आणि बारीक चोचीची किटली, एवढ्यावर माझी नऊ वर्षं चालली आहेत. यातलं हात सैल सोडून घेण्यासारखं काही असेल तर तो ग्राइंडर. बाकीचं साधं चालतं. आणि कप दोन घ्या, एकसारखे. या दुसऱ्या कपाबद्दलच मला खरं तर सांगायचं आहे, कारण माझ्या कॉफीत जे काही सुधारलं ते जवळजवळ सगळं दुसऱ्या कोणाच्या तरी जिभेमुळे.

पहिली दोनेक वर्षं मी एकटीपुरतीच कॉफी करायची. वाचायचं, मोजायचं, वहीत लिहायचं, सगळं मन लावून. रोज तीच कॉफी पिऊन मला ती आवडायलाही लागली होती. मग एकदा एक मैत्रीण सकाळी आली, तिला कप दिला. दोन घोट घेऊन ती म्हणाली, "छान आहे गं, पण ओल्या कागदासारखा वास येतोय." मी माझा कप नाकाशी नेला, तर खरंच येत होता. कॉफीची पूड घालण्याआधी कागदी फिल्टर गरम पाण्याने धुऊन घ्यायचा असतो, त्याने कागदाचा वास जातो आणि ड्रिपरही तापतो. हे मी वाचलं होतं, पण फरक पडत नाही असं ठरवून सोडून दिलं होतं. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला येतो, तसंच हे झालं.

कागदातून कॉफी गाळायची युक्तीही एका घरातच निघाली. १९०८ साली ड्रेस्डेनमध्ये मेलिटा बेन्झ या गृहिणीने पितळी भांड्याच्या तळाला भोकं पाडली, त्यावर मुलाच्या वहीतला टीपकागद ठेवला आणि वरून कॉफी ओतली. चोथा तोंडात येतो, कडवटपणा राहतो, या कटकटीवर तिने काढलेला तो उपाय. त्याच वर्षी तिने पेटंट घेतलं. त्या पहिल्या कपाला टीपकागदाची चव आली असेल का आणि ती आधी कोणाला जाणवली असेल, हा विचार फिल्टर धुताना माझ्या मनात अजूनही येतो.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण तिच्यामुळे कॉफी म्हणजे काय ते मला पहिल्यांदा नीट कळलं.

त्या दिवसांत माझी कॉफी मला आंबट लागायची. आंबट लागली तर पूड आणखी बारीक दळा, असा नियम. नियम बरोबरच आहे. भाजलेल्या बीचा साधारण तीस टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण तो सगळा कपात उतरलेला चांगला लागत नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाने यावर काम केलं. बीच्या वजनापैकी १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला की लोकांना कॉफी आवडते, हा त्याच्या कामातून आलेला अंदाज आजही वापरात आहे. पाणी पडल्यावर आधी आम्लं सुटतात, मागाहून गोडवा येतो आणि शेवटी कडू, जड अशा चवी येतात. कमी उतरली की आंबट, जास्त उतरली की कडू. बारीक पुडीचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यातून सगळं लवकर उतरतं. म्हणून आंबट कॉफीला बारीक दळण.

मी बारीक दळत गेले आणि कॉफी बिघडत गेली. आणखी बारीक दळली, आणखी बिघडली. एका संध्याकाळी कॉलेजातला एक जुना मित्र आला होता. त्याला मी हे सगळं ऐकवलं आणि कप पुढे केला. त्याने घोट घेतला, थोडा वेळ तोंड हलवत राहिला आणि म्हणाला, "ही आंबट नाहीये. तुरट आहे."

हा शब्द माझ्या वहीत कुठेच नव्हता. आंबट खाल्लं की तोंडाला पाणी सुटतं आणि तुरटाने तोंड कोरडं पडतं, जीभ खरखरीत होते. तुरटपणा ही खरं तर चव नाहीच. कॉफीतली काही द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला घासायला लागते. तो स्पर्श आहे. कच्चं फळ चावल्यावर होतं ते. आणि तुरट कॉफी म्हणजे गरजेपेक्षा जास्त उतरलेली कॉफी. म्हणजे महिनाभर मी नेमकी उलट्या दिशेने चालले होते.

आम्ही तिथेच तीन कप केले. वजन तेच, पाणी तेच, वेळही जवळपास तीच, फक्त दळण वेगळं : माझं नेहमीचं मैद्याकडे झुकणारं, दुसरं बारीक मिठाएवढं, तिसरं खडबडीत वाळूएवढं. तिसऱ्या कपाला तो काही बोललाच नाही, नुसता पीत राहिला. मी प्यायले. त्यात फळासारखा गोडवा होता. तीच बी, तेच पाणी, आणि हा गोडवा महिनाभर माझ्या डब्यातच पडून होता.

ग्राइंडरवर माझा इतका भर आहे तो यामुळे. पात्याचा ग्राइंडर दळत नाही, तो बी फोडतो. एकाच पुडीत भुकटीही असते आणि मोठे तुकडेही. भुकटीतून नको इतकं उतरतं आणि तुकड्यांतून पुरेसं उतरत नाही, त्यामुळे एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही येतं आणि चूक कुठे झाली ते कळायला मार्ग राहत नाही. दातेरी चकत्यांचा ग्राइंडर, ज्याला बर ग्राइंडर म्हणतात, बऱ्यापैकी सारखी पूड देतो. पूड सारखी असली की चूकही ओळखू येते आणि सुधारताही येते. महागड्या मशीनमध्ये असमान पूड घातली तर कॉफी असमानच येणार.

पाण्याचं मात्र मला कोणी घरी येऊन शिकवलं नाही, मीच दुसरीच्या घरी गेले. एका मैत्रिणीने माझ्या कॉफीला एकदा "पोकळ" म्हटलं होतं. वास भरपूर, पण तोंडात काही उरत नाही, असं तिचं म्हणणं. मला ते पटेना. पुढच्या वेळी तिच्याकडे जाताना त्याच बिया आणि एरोप्रेस घेऊन गेले. हे एरोप्रेस म्हणजे हाताने दट्ट्या दाबून कॉफी गाळायचं छोटं यंत्र, प्रवासातला उत्तम सोबती. ॲलन ॲडलर नावाच्या संशोधकाने स्वतःसाठी एकच कप चांगला करता यावा म्हणून ते बनवलं, २००५ साली बाजारात आलं आणि २००८ साली ऑस्लोमध्ये त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा स्पर्धक होते तीन. असो. तिच्या ओट्यावर तिच्या नळाच्या पाण्यात मी कॉफी केली, आणि ती भरलेली लागली. यंत्रामुळे फरक पडला असेल म्हणून घरी परत येऊन त्याच एरोप्रेसमध्ये माझ्या पाण्याने केली, तर पुन्हा पोकळ.

फिल्टर कॉफीच्या कपात अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. माझ्याकडे आरओचं पाणी होतं, त्यातले क्षार जवळजवळ सगळे निघून गेलेले. पाण्यातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम बीतली चव ओढून घ्यायला मदत करतात, त्यामुळे ते अगदीच नसलं तर कॉफी सपक होते. उलट पाणी फार जड असेल तर त्यातलं बायकार्बोनेट कॉफीतली आम्लं मारून टाकतं आणि ती मंद, मातकट लागते. आता मी आरओचं पाणी आणि उकळून गार केलेलं नळाचं पाणी अर्धं अर्धं मिसळते. तुमच्या पाण्याचं प्रमाण वेगळं असेल.

या सगळ्यातून आमच्याकडे एक खेळ सुरू झाला. तीन कप ठेवायचे, दोघांत एकच कॉफी आणि एकात वेगळी, आणि वेगळी कुठली ते ओळखायचं. चव तपासणारे लोक खरोखर ही पद्धत वापरतात. नुसत्या अंदाजाने तीनदा एकदा बरोबर येतंच, म्हणून निदान पाच-सहा फेऱ्या करायच्या. ब्याण्णव आणि शहाण्णव अंशांच्या पाण्यातला फरक मला कळतो, अशी माझी खात्री होती. सहा फेऱ्यांत मला दोनदा ओळखता आलं, म्हणजे ओळखता आलं नाही. तेव्हापासून किटली उकळली की मी अर्धा मिनिट थांबते आणि ओतते. तापमानावर लोक नको तितकं बोलतात, असं माझं आता मत आहे. दळणाचा फरक मात्र आमच्यातल्या प्रत्येकाला दर वेळी कळला, ज्याने जन्मात काळी कॉफी प्यायली नव्हती त्यालाही.

पाहुण्यांना कॉफी देताना मी दोन गोष्टी पाळते. पाकिटावर लिहिलेल्या चवी आधी सांगत नाही. "यात जर्दाळू आहे" म्हटलं की समोरचा बिचारा जर्दाळू शोधत बसतो, सापडला नाही तर त्याला वाटतं आपल्यालाच कळत नाही. "कागद", "तुरट", "पोकळ" हे शब्द कुठल्याही पाकिटावर नव्हते, आणि तेच मला उपयोगी पडले. दुसरं, कोणी दूध-साखर मागितली तर लगेच देते. दुधासाठी जरा गडद भाजलेल्या बिया वेगळ्या ठेवते, कारण हलक्या भाजणीतली आम्लं दुधात नीट बसत नाहीत. आपल्याला आवडलेली चव दुसऱ्यावर लादली की तो खरं बोलायचं थांबतो.

आणि संध्याकाळी विचारून मगच करा. एक मित्र माझ्याकडे सात वाजता आनंदाने दोन कप प्यायचा आणि रात्री दोनपर्यंत जागा राहायचा, संकोचाने कधी बोलला नाही. शरीरातलं निम्मं कॅफिन जायला सरासरी पाच तास लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त. हे कॅफिन पहिल्यांदा वेगळं काढलं ते १८१९ साली फ्रीडलीब रुंगे या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, आणि त्यासाठी कॉफीच्या बिया त्याच्या हातात दिल्या होत्या कवी ग्योथेने. म्हणजे तिथेही कोणीतरी कोणालातरी कॉफी दिलीच होती. त्या मित्रासाठी मी आता कॅफिन काढलेल्या बिया ठेवते. त्या वेगळ्या दळाव्या लागतात आणि त्यात थोडंसं कॅफिन उरतंच, पण तो झोपतो.

आता तुम्ही घरी सुरू करणार असाल तर दोघांचीच कॉफी करा. तीस ग्रॅम पूड, पाचशे मिलिलिटर पाणी. फिल्टर धुऊन घ्या. आधी ऐंशी-नव्वद मिलिलिटर पाणी घालून पूड भिजवा आणि पाऊण मिनिट थांबा. बिया ताज्या भाजलेल्या असतील तर आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पूड फुगते, बुडबुडे येतात. ते बघायला मला अजून आवडतं. मग उरलेलं पाणी तीन-चार टप्प्यांत, घाई न करता. सगळं मिळून साडेतीन-चार मिनिटं. दोघांची कॉफी एकाच्या कॉफीपेक्षा सोपी जाते. पुडीचा थर जाड असल्याने उष्णता टिकते, आणि वजनात अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाला तरी तीस ग्रॅममध्ये तो पंधरा ग्रॅमपेक्षा कमी जाणवतो. फक्त दळण एकाच्या कपापेक्षा थोडं जाड ठेवा, नाहीतर पाणी तुंबतं.

कप भरल्यावर पहिला घोट समोरच्याला घेऊ द्या आणि तो बोलेपर्यंत थांबा. कॉफी जराशी निवू द्या, फार गरम असताना चव कळतच नाही, कोमट होताना ती उघडते. समोरचा जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा, शब्द विचित्र वाटला तरी.

मशीनचं आपण महिन्याभराने बोलू. येताना तुमच्या घरचं पाणी बाटलीभर घेऊन या.