बदली

सोलापुरात २००६-०७ चं लोडशेडिंग ज्यांनी काढलंय त्यांना माहितीय, तेव्हा कॉम्प्युटरवर बसायचं म्हणजे एक डोळा घड्याळावर ठेवूनच. आमच्याकडे यूपीएस होता पण नावालाच, लाईट गेली की टुंई करून दोन मिनिटांत मान टाकायचा. तर त्या काळात मी फुटबॉल मॅनेजर नावाचा गेम खेळायचो. ह्यात आपण बॉलला पाय लावत नाही, आपण टीमचे मॅनेजर, खेळाडू घ्यायचे, काढायचे, टीम लावायची, मग मॅच आपोआप होते आणि आपण आकडे बघत बसायचं. आई म्हणायची हा कसला खेळ, हे तर दिवाणजीचं काम झालं. (पुढे खरंच तेच झालं, आता अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो, आईची जीभ काळी.)

मित्र सगळे मँचेस्टर, आर्सेनल, चेल्सी घ्यायचे, मी घेतली विकम वाँडरर्स, पार चौथ्या पायरीवरची. कारण काय तर टोपणनाव. ह्या टीमला चेअरबॉइज म्हणतात, खुर्चीवाले! हाय विकम हे लंडनजवळचं गाव पूर्वी खुर्च्यांसाठी प्रसिद्ध होतं, बाजूच्या बीच नावाच्या झाडांच्या जंगलात बसून कारागीर खुर्चीचे पाय कातायचे आणि गावातल्या कारखान्यांत त्या जोडल्या जायच्या. मला वाटलं उद्या सोलापूरची टीम निघाली तर तिला लोक चादरवालेच म्हणतील की. बास, एवढ्यावर टीम फिक्स.

त्या टीममधे मॅट ब्लूमफिल्ड म्हणून एक मिडफिल्डर होता. गेममधे त्याचे आकडे काही डोळे दिपवणारे नव्हते, सगळं आपलं मधलं मधलं, पण दर आठवड्याला टीम लावताना त्याचं नाव टाकावंच लागायचं कारण तो असला की बाकीचं बरं चालायचं. गेम सुटला, कॉम्प्युटर भंगारात गेला, मी मात्र त्याचे खरे निकाल बघत राहिलो आणि बघता बघता पंधरा वर्षं गेली. आता कोणी विचारलं फुटबॉलमधला आवडता कोण तर मेस्सी म्हणून विषय संपवतो, कारण विकमचं सांगायला लागलो की समोरचा चहाचा कप घेऊन उठतो.

इंग्लंडमधलं गणित आधी सांगतो. प्रीमियर लीगच्या २० टीम आपल्याला पाठ असतात. खाली चॅम्पियनशिप २४, लीग वन २४, लीग टू २४, असे एकूण ९२ क्लब. खालच्या तिन्ही पायऱ्यांवर हंगामाला ४६ लीग मॅच, कप वेगळे. शनिवारी दुपारी तीनला तिकडे सुरू होते ती आपल्याकडे थंडीत रात्री साडेआठला, आणि मंगळवारी रात्रीची म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून सव्वा. पोरगं सोळाव्या वर्षी स्कॉलरशिपवर क्लबात येतं, दोन वर्षांनी क्लब ठरवतो की ठेवायचं का घरी पाठवायचं, आणि बहुतेक घरीच जातात. जे राहतात त्यांचं कॉन्ट्रॅक्ट कधी वर्षाचं, कधी दोन वर्षांचं, ३० जूनला संपतं. मे महिन्यात क्लब यादी लावतो, कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं.

ही यादीची गोष्ट मी एकदा काकांना सांगितली आणि ते खुर्चीत सरळ होऊन बसले.

काका मिलमधे होते. सोलापुरात "मिलमधे" म्हटलं की कुठली ते लगेच विचारतात, पण ते राहू दे. बरीच वर्षं बदली कामगार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बदली म्हणजे तुमच्याकडे पास असतो पण जागा नसते. पाळीचा भोंगा व्हायच्या आत गेटवर जाऊन उभं राहायचं, परमनंटपैकी कोणी खाडा केला असेल तर जॉबर, म्हणजे मुकादम, तुमचं नाव घेणार, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. काकू सांगते की भाकरी बांधून दिली आणि दोन तासांनी तीच भाकरी घरी येऊन खाल्ली असे दिवस महिन्यात दहा-बारा तरी असायचे. आणि मराठी पेपरात फुटबॉलच्या सबस्टिट्यूटला काय म्हणतात? बदली खेळाडू. मी हे कधी जोडून बघितलंच नव्हतं. काकांनी जोडलं. "म्हणजे बाकावर बसलेला तो बदली? मग पगार मिळतो का त्याला बसल्याचा?" मी म्हटलं मिळतो काका, कॉन्ट्रॅक्टचा ठरलेला असतो तो मिळतोच. "मग कसला बदली बे तो," म्हणून त्यांनी विषय निकालात काढला.

तर आपला ब्लूमफिल्ड. जन्म १९८४ चा, इप्सविच टाउनच्या ॲकॅडमीतला. इप्सविच मोठा क्लब, तिथे मुख्य टीमकडून त्याला जेमतेम एक मॅच मिळाली, लीग कपमधली. डिसेंबर २००३ मधे, वीसही पूर्ण नव्हती, तो विकमला आला. मॅनेजर तेव्हा टोनी ॲडम्स, आर्सेनलचा पूर्वीचा कॅप्टन. (विकमच्या मैदानाचं नाव ॲडम्स पार्क, मला कित्येक वर्षं वाटायचं ह्याच्यावरूनच ठेवलंय. नाही! तो फ्रँक ॲडम्स वेगळाच, जुना खेळाडू, ज्याने क्लबला आधीचं मैदान दान दिलं होतं.) आणि आल्या आल्या पहिल्याच हंगामात टीम खाली घसरली, २००४ ला, चौथ्या पायरीवर.

पुढे जे झालं ते सापशिडीच्या पटावर झाल्यासारखं आहे. २००९ ला वर. २०१० ला खाली. २०११ ला परत वर. २०१२ ला परत खाली. माणूस तोच, जर्सी तीच फिकट आणि गडद निळ्या चौकटींची, मॅनेजर किती येऊन गेले. मधल्या काळात जानेवारी २००७ मधे ह्या चौथ्या पायरीवरच्या क्लबाने लीग कपच्या सेमीफायनलला मोरिन्यो मॅनेजर असलेल्या चेल्सीला आपल्या मैदानावर १-१ ने अडवलं होतं, १० तारखेला. इकडे सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते, आमच्या होम मैदान नावाच्या मैदानावर पाळणे लागलेले, आणि मी माझ्या चेल्सीवाल्या मित्राला भाग्यश्री-बटाटेवड्याच्या स्टॉलपाशी धरून अर्धा तास पिडला होता. दोन आठवड्यांनी लंडनमधे ४-० मार खाल्ला, तेव्हा त्याने वसूल केलं.

पण मला सगळ्यात जास्त लक्षात आहे ते ३ मे २०१४. लीग टूमधून खाली पडलात तर तुम्ही त्या ९२ मधेच राहत नाही, डायरेक्ट बाहेर. विकम शेवटच्या दिवशी पडायच्या जागेवर. टॉर्कीला जाऊन जिंकायचंच होतं आणि वर दुसऱ्या कोणाचा तरी पाय घसरायला हवा होता. सोलापुरातला मे, बेचाळीस-त्रेचाळीस, गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकलेल्या, आणि मी मोबाईल हातात धरून ते लाईव्ह स्कोअरचं पान रिफ्रेश करतोय, नेट टूजी, गोल गोल फिरतंय, थांबतंय. विकम ३-० ने जिंकली. तिकडे ब्रिस्टल रोव्हर्स घरच्या मैदानावर मॅन्सफिल्डकडून ०-१ ने हरली. दोघांचे गुण सारखेच ५०, गोलफरकावर विकम वाचली आणि रोव्हर्स बाहेर. मी गच्चीवर एकटाच ओरडलो. शेजारच्या गच्चीवरून आवाज आला, "काय झालं बे, लाईट आली का?"

त्या वेळी मॅनेजर होता गॅरेथ एन्सवर्थ, लांब केसांचा, स्वतः विकमकडून मिडफिल्डला खेळलेला. नंतरच्या वर्षी हीच टीम लंडनच्या वेंब्ली स्टेडियमवर प्लेऑफ फायनलला (वर जायच्या शेवटच्या जागेसाठीची मॅच) गेली आणि जादा वेळेच्याही शेवटच्या क्षणी साउथएंडने बरोबरी करून पेनल्टीवर घालवली, त्यावर मला बोलायचं नाही.

२०१८ ला वर आली. मग आलं कोविड. २०१९-२० चा लीग वन अर्धवट थांबवला तेव्हा विकम आठव्या नंबरवर होती, पण एक मॅच कमी खेळलेली, म्हणून मॅचमागे गुणांचा हिशेब लावला तर तिसरी आली. हिशेबनीस म्हणून सांगतो, सरासरीने कोणाचं एवढं भलं झालेलं मी दुसरं बघितलं नाही. १३ जुलै २०२०, वेंब्लीवर माणूस नाही, प्लेऑफ फायनल, ऑक्सफर्ड युनायटेडविरुद्ध २-१ ने जिंकली. इथे आमच्याकडे लॉकडाउन, कारखाना बंद, मध्यरात्री हॉलमधे आवाज बंद करून बघत बसलेलो. १८८७ च्या क्लबाला दुसऱ्या पायरीवर जायला २०२० उजाडलं, आणि ब्लूमफिल्ड छत्तिसाव्या वर्षी चॅम्पियनशिपचा खेळाडू झाला.

एकच हंगाम टिकले. ४३ गुण, एका गुणाने खाली, डर्बी काउंटी ४४ वर वाचली. पुढच्या हंगामात डर्बीचेच हिशेबातल्या भानगडी आणि दिवाळखोरीपायी मिळून २१ गुण कापले गेले. एक वर्ष आधी त्यातले दोन कापले असते तर काय झालं असतं हे गणित मी ऑफिसच्या कॅलेंडरच्या मागे मांडून बघितलंय, होय.

काकांना ह्यातलं चेल्सी-बिल्सी काही नको असतं. त्यांना पगार पाहिजे. एकदा विचारलं, पूर्वी किती मिळायचं रे ह्यांना? मी सांगितलं की १९६१ पर्यंत तिकडे नियमच होता, कितीही मोठा खेळाडू असो, आठवड्याला जास्तीत जास्त २० पौंड. मग जिमी हिल म्हणून फुलहॅमचा खेळाडू, युनियनचा अध्यक्ष, त्याने खेळाडूंना एक करून संपाची नोटीस दिली. "संप झाला का?" नाही काका, त्याआधीच मालक नमले, नियम गेला, आणि त्याच्याच क्लबातल्या जॉनी हेन्सचे लगेच आठवड्याला १०० पौंड झाले. काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "न करता मिळालं." आमच्या इथल्या संपांत काय मिळालं आणि काय गेलं ते त्यांना विचारायची माझी हिंमत नाही.

एकदा त्यांना यूट्यूबवर विकमची एक जुनी मॅच पण दाखवली. "काय बघलालास बे?" म्हणत येऊन बसले. ब्लूमफिल्ड मागे पळतोय, पुढे पळतोय, बॉल घेतला, बाजूच्याला दिला, परत मागे. नव्वद मिनिटांत त्याचं नाव कॉमेंटेटरने फार वेळा घेतलं नसेल. काका म्हणाले, "हा धोटा आहे." बास, तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव धोटा. माग बघितलेल्यांना सांगायला नको, मागातला धोटा आडवं सूत घेऊन ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, दिवसभर, आणि चादरीवर दिसतात ती फुलं जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी पाडणाऱ्या यंत्राची.

मी पण शाळेत मिडफिल्डलाच होतो, पळायला हळू म्हणून फॉरवर्ड नाही आणि उंची नाही म्हणून डिफेन्सला नाही. आमच्याकडे कोल्हापूरसारखं नाही की पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार म्हटलं की शाहू स्टेडियम भरणार. आमच्या पार्क मैदानावर क्रिकेट, फुटबॉलवाल्यांनी कडेला जागा मिळेल तिथे खेळायचं आणि सिक्सरचा बॉल आला की थांबून परत फेकायचा. असो.

ऑगस्ट २०२१ मधे त्याच्या डोक्याला मार लागला, कन्कशन. फेब्रुवारी २०२२ मधे खेळणं थांबवलं. विकमकडून ५५८ मॅच. अठरा वर्षं, एक क्लब, चार वेळा वर, चार वेळा खाली. हाड मोडलं तर प्लास्टर दिसतं, डोक्याचं दिसत नाही, त्यामुळे थांबायचं ठरवणं किती अवघड गेलं असेल ह्याचा मी खूप विचार केला तेव्हा. मेमधे यादीत नाव येणार की नाही ही धाकधूक त्याच्या आयुष्यातून गेली, असं मला वाटलं.

कसली जाते. तो मॅनेजर झाला. आधी कोल्चेस्टर, मग फेब्रुवारी २०२३ मधे एन्सवर्थ गेल्यावर परत विकमलाच, २०२४ ला त्यांना ईएफएल ट्रॉफीच्या (खालच्या पायऱ्यांवरच्या क्लबांचा कप) फायनलला वेंब्लीवर नेलं, तिथे पीटरबरोकडून हरले. जानेवारी २०२५ मधे टीम वरच्या नंबरांत असताना तो ल्युटन टाउनला गेला, आणि ल्युटन त्याच हंगामात खाली पडली. ऑक्टोबरमधे त्यांनी त्याला नारळ दिला. इकडे दिवाळी तोंडावर आलेली, ऑफिसात बोनसच्या याद्या माझ्याच टेबलावर, त्यात ही बातमी.

संध्याकाळी काकांकडे गेलो, ते शेंगा फोडत बसले होते, म्हटलं काका, धोट्याला काढलं.

"का?"

मॅच हरले.

"खेळणारे हरले, ह्याला का?"

मॅनेजरचं तसंच असतं काका.

त्यांनी दोन शेंगा फोडल्या, दाणे माझ्या हातावर ठेवले. "हिशेब दिला का पूर्ण?"

म्हटलं दिला असेल की.

"दिला असेल नको. बघ त्या मोबाईलमधे."