जि. रत्नागिरी

पाटी दिसली की वाचायची, ही माझी जुनी खोड. एस.टी.च्या खिडकीत बसले की मैलाचे दगड, 'वाहने सावकाश हाका', भिंतीवरच्या खताच्या जाहिराती, काही सुटायचं नाही. एखादी पाटी अर्धवट निसटली तर पुढचं गाव येईपर्यंत चुटपुट.

सध्या लेकीकडे आहे, व्हर्जिनियात. इकडे रस्त्याकडेला इतिहास सांगणाऱ्या पांढऱ्या पाट्या असतात, काळी अक्षरं, 1927 पासून लावत आलेत म्हणे. रोज एकीवरून जायचो आणि 'स्थापना' वाचेपर्यंत पाटी मागे. "आई, इथे गाडी थांबवता येत नाही," हे ठरलेलं उत्तर. शेवटी परवा दुपारी गुडघ्याला पट्टा बांधून चालतच गेले.

तर ती हद्दीची पाटी. लाउडन काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, 1757 साली फेअरफॅक्समधून निघाली. मागच्या बाजूला फेअरफॅक्स, ती 1742 साली प्रिन्स विल्यममधून. घरी येऊन पुढचं शोधलं. प्रिन्स विल्यम निघाली 1731 साली, स्टॅफर्ड आणि किंग जॉर्जमधून. तो राजपुत्र तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा, आणि नावावर आख्खा जिल्हा! स्टॅफर्ड 1664 ची. म्हणजे महाराजांनी मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग बांधायला घेतला, त्याच सालची.

आणि ज्याच्या नावाची ही काउंटी, तो लॉर्ड लाउडन! व्हर्जिनियाचा गव्हर्नर नेमला होता त्याला, पण व्हर्जिनियात तो कधी फिरकलाच नाही. कारभार बघत होता नायब गव्हर्नर डिनविडी. लाउडनवरचा एक टोमणा बेंजामिन फ्रँकलिननं लिहून ठेवलाय: हा म्हणजे पाटीवरचा सेंट जॉर्ज, कायम घोड्यावर, पण पुढे सरकेल तर शपथ. आता बिचारा खरंच पाटीवर आहे.

'मधून निघाली' वाचलं आणि आमचं कणकवलीकडचं घर आठवलं. 1 मे 1981. मी सहावीत. रात्री झोपलो ते रत्नागिरी जिल्ह्यात, उठलो सिंधुदुर्गात. मला कोण आनंद! वहीवरचा पत्ता खोडून नवा घातला, तोही लाल शाईनं. आजोबांनी मात्र काही बदललं नाही. मुंबईला काकांना कार्ड लिहायचं, तर वर ठसठशीत 'जि. रत्नागिरी'. मी चूक दाखवली तर म्हणाले, "जिल्हो बदललो म्हणान काय आमी हललंव?" त्यांची कार्डं पोचायची आणि काकांची उत्तरंही यायची, त्याच जुन्या पत्त्यावर. आजोबा गेले तेव्हा ट्रंकेत कोऱ्या कार्डांचा गठ्ठा सापडला. सगळ्यांवर आधीच पत्ता घालून ठेवलेला. जि. रत्नागिरी.

फेअरफॅक्सच्या हद्दीत झोपून लाउडनमध्ये उठलेला एखादा म्हातारा इथंही असेलच की. त्याची पाटी कोण लावणार?

परवा तिथं उभी असतानाच लेकीचा फोन आला.

"आई, कुठे आहेस?"

"हद्दीवर."

"कसल्या?"

"एक बाजू वाचून झाली, दुसरी वाचतेय."

"तिथेच थांब. रस्ता ओलांडू नकोस. येते मी."

ती येईपर्यंत पुढची बाजू पुन्हा एकदा वाचली. क्षेत्रफळ 519 चौरस मैल.