देहूतून निघताना : अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी पहिली आरती

तुकोबारायांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला प्रस्थान ठेवते, पण त्या दिवशी देहू सोडत नाही. पहिला मुक्काम गावातल्याच इनामदार वाड्यात. आम्ही वारकरी चालायला लागतो ते दुसऱ्या दिवशी, आणि गाव सुटतं न सुटतं तोच सोहळा थांबतो तो अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी. वाटेवरची पहिली अभंग-आरती इथली, दुसरी चिंचोलीच्या पादुकांपाशी.

कथा सगळ्यांना ठाऊक असते. या फकिराचा कटोरा कुणाच्याही भिक्षेने भरत नसे. तुकोबांच्या लेकीने चिमूटभर पीठ घातलं नि तो भरून सांडला. बातम्यांत या थांब्याला ‘ऐक्याचं दर्शन’ म्हणतात. दिंडीत असं कुणी बोलत नाही. आरतीचा क्रम ठरलेला, तो पाळायचा, बस्स.

आरती डोळ्यांनी पाहायची असेल तर पालखीच्या मागे लागून उपयोग नाही. इथे टाळ थांबतात तेव्हा मागच्या दिंड्या अजून गावातच अडकलेल्या असतात. लवकर पुढे येऊन रस्त्याची कड धरा. मात्र त्याआधी आपली दिंडी रथापुढची की रथामागची आणि कितवी, हे पाठ करा. फोनवर भरवसा नको, गर्दीत तो लागत नाही. चुकामूक झाली तर उलटं शोधत जाऊ नका. कडेला उभं राहा, दिंडी आपसूक येते. दर्ग्यात माथा टेकायचा तर चपला पिशवीत घालून काखेत ठेवा, ढिगातून परत मिळत नाहीत. इंद्रायणीत स्नान केलंत तरी पाणी तोंडात घेऊ नका.

पुढे देहूरोड, निगडी करत आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम. अंतर दहा-बारा किलोमीटरच, पण दिवस त्यातच जातो. चालण्यापेक्षा उभं राहणं टाचांना नि कमरेला जास्त भोवतं. थांबलं की फुगडी घालणाऱ्या बायका आमच्याहून शहाण्या. वळकटी ट्रकमध्ये टाकून अंगावर बाटली, प्लॅस्टिकचा कागद आणि सुके मोजे एवढंच ठेवावं. वाटेत केळी, चिवडा, चहा हातात कोंबले जातात. सगळं घेतलं की रात्री पोट बिघडतं. फोड आला तर उकळत्या पाण्यातून काढलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी सोलू नका. दुसऱ्या दिवशी पुण्यात नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबापर्यंत सगळा डांबरी रस्ता आहे.