केरीच्या पुढे, साखळीच्या अलीकडे

गोव्यात आम्ही चार दिवस होतो. त्यातले साडेतीन सांगण्यासारखे नाहीत. मोरजी, मिरामार, बांगडे, झोप. समुद्राकाठी एका खुर्चीत टेकायचे तीनशे रुपये मागितले, तेवढीच काय ती नवलाई. उरलेला अर्धा दिवस साखळीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला आणि मग एका पत्र्याच्या शेडमध्ये गेला, आणि तो तसा गेला याला मी कारणीभूत आहे. म्हणून लिहितोय.

गाडी मामांची. एमजीए, म्हणजे एमजी कंपनीची इंग्रजी स्पोर्ट्स कार, १९५७ची, दोन सीटची, टप उघडणारी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: हिला बाहेरून दाराची मूठ नाही. आत हात घालून दोरी ओढायची, की दार उघडतं. काचा वरखाली होत नाहीत, कारण काचाच नाहीत, पाऊस आला तर बाजूचे पडदे अडकवायचे. आणि हॉर्न स्टिअरिंगवर नसून डॅशबोर्डच्या मधोमध. चोर्ला घाटात प्रत्येक वळणाला मामा एक हात सोडून ते बटण दाबायचे आणि मी डोळे मिटायचो. इंजिनाची धग थेट पायाशी येते. कणकुंबीपर्यंत माझ्या पोटऱ्या भाजून निघाल्या होत्या. सुंदर आहे गाडी, नाही कशाला म्हणू? पण तिच्यात बसणं आणि तिच्याकडे बघणं यात मला कुणी विचारलं तर मी बघणं घेईन.

ती मूळची गोव्याचीच, मुरगाव बंदरात उतरलेली, असं मामांना विकणाऱ्याने सांगितलं होतं. कागद काही नाही. पण पोर्तुगीज होते तेव्हा, पन्नासच्या दशकात खाणींचा पैसा खेळायला लागला आणि इथे विलायती गाड्या सर्रास यायच्या, त्यामुळे अशक्य नाही. मामांच्या लेखी ते सिद्धच झालेलं आहे. 'माहेरी चाललीय' असं ते कोल्हापूरपासून म्हणत होते. टोलनाक्यावर, चहाच्या टपरीवर, बेळगावच्या पंपावर.

माहेर लागलं आणि केरीच्या पुढे गाडी ठसकली. दोनदा खोकल्यासारखं केलं आणि बंद.

वीस मिनिटं थांबलो. स्टार्टर ओढला, एका झटक्यात चालू. मामा म्हणाले, "बघितलंस? दमली होती." तीन किलोमीटरवर पुन्हा तेच. पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा चालू. तिसऱ्यांदा ती अगदी मोकळ्या उन्हात थांबली, आणि दहा मिनिटांत आमच्याभोवती पंधरा माणसं जमली. यातल्या निम्म्यांना गाडीबरोबर फोटो हवा होता. उरलेल्या निम्म्यांना निदान करायचं होतं. एक म्हणाला, पेट्रोलची वाफ झालीय, पंपावर ओलं फडकं टाका. दुसरा म्हणाला, हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलने जुन्या गाड्यांचे रबरी पाइप खाल्ले जातात. (हे खरं आहे, पण मामांनी पाइप गेल्याच वर्षी बदललेत.) तिसरा टिप्परवाला. तो बोललाच नाही, सरळ जंपरची वायर घेऊन आला आणि त्याच्या बॅटरीचा मायनस आमच्या बॉडीला लावायला वाकला. मामांनी जी आरोळी ठोकली ती साखळीपर्यंत गेली असेल. हिचं सगळं उलटं आहे. प्लस बॉडीला. त्या काळच्या इंग्रजी गाड्या तशाच यायच्या. शिवाय बॅटऱ्या दोन, सहा-सहा व्होल्टच्या, सीटच्या मागे लपवलेल्या. टिप्परचे चोवीस व्होल्ट तेही उलटे घुसले असते तर काय झालं असतं याचं वर्णन मामांनी नंतर चारही दिवस केलं.

त्याच टिप्परवाल्याने, शिव्या खाऊनही, टोचन करून आम्हाला मेस्ताकडे नेलं. दोरखंडाने ओढली जाणारी लाल एमजीए आणि तिच्यात ताठ बसलेले मामा, हा फोटो माझ्याकडे आहे. छापायची परवानगी नाही.

मेस्त म्हणजे मिस्त्री. सगळे त्याला तेवढंच म्हणत होते, मीही नाव विचारलं नाही. पासष्टीचा असेल. आपसात कोकणी, आमच्याशी स्वच्छ मराठी, आणि बाकावर घडी घातलेला मराठी पेपर. त्याने गाडीकडे पाहिलं, बोनेट एका हाताने उचललं (अ‍ॅल्युमिनियमचं आहे, हलकं) आणि विचारलं, "गरम झाल्यावर मरते, थंड झाल्यावर उठते?"

मामा म्हणाले, हो.

"मग बसा. आज आमच्याकडे तुळशीचं लग्न. ते झाल्यावर काळोख होईल, मग बघू."

गाडीच्या दुरुस्तीला काळोख कशाला हवा, हे आम्हा दोघांनाही कळेना. मामा पुटपुटले, "टाळतोय लेकाचा." मला खरं सांगायचं तर मोरजीच्या बुकिंगची काळजी लागली होती. पहिल्या रात्रीचे पैसे परत मिळणार नव्हते.

तो गेला आणि मी शेड बघत बसलो. मागच्या भिंतीवर खिळे ठोकून मोडके पार्ट टांगलेले होते. चाळीस-पन्नास तरी. मधोमध भोक पडलेला पिस्टन. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरांच्या मधोमध जळालेलं हेड गॅस्केट. दात गेलेला गिअर. आणि प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटने गावाचं नाव. अनमोड. पत्रादेवी. करमळ घाट. बोरी पूल. आधी वाटलं मालकांचे पत्ते असतील. मेस्ताचा पोरगा म्हणाला, "नाय, मोडला कुठे ते लिहितात बाबा." कशासाठी, हे त्याला माहीत नव्हतं. बऱ्याचशा नावांपुढे खाणीचं नाव होतं. २०१२ साली खाणी बंद झाल्या तोवर या शेडचं पोट टिप्परवरच चालायचं.

मेस्त आंघोळ करून, नवा शर्ट घालून परत आला तेव्हा मी एक तुटलेला एक्सल शाफ्ट हातात धरून उभा होतो. मनगटाएवढी जाड पोलादी कांब, काकडीसारखी सरळ कापली गेलेली. त्याने तो माझ्या हातातून घेतला आणि तुटलेलं तोंड उजेडाकडे केलं.

"वळ्या दिसतात?"

दिसत होत्या. शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा, एकामागे एक, एका कडेपासून पसरत गेलेल्या, गुळगुळीत. आणि दुसऱ्या कडेला नखाएवढा भाग खरखरीत, साखरेच्या दाण्यांसारखा.

"इथे एक ओरखडा होता," कडेवर बोट ठेवून तो म्हणाला. "तिथून चीर चालत आली. वर्ष, दोन वर्षं. रोज थोडी. गाडी चालूच होती, मालकाला पत्ता नाही. आणि हे..." त्याने खरखरीत भागावरून अंगठा फिरवला, "हे एवढंच शेवटच्या दिवशी तुटलं. अनमोडला. मालक म्हणतो, घाटामुळे तुटला." तो हसला आणि शाफ्ट खिळ्यावर परत टांगला.

लग्न अंगणातच होतं. वृंदावन रंगवलेलं, ऊस आणि दिंड्याची काठी रोवलेली, आवळे-चिंचा लटकवलेल्या. आम्हाला अक्षता दिल्या. मामांची पँट ग्रीसने काळी, हात काळे, आणि त्या हातांनी ते 'शुभमंगल सावधान'ला इतक्या जोरात अक्षता टाकत होते की पुढच्या बायका मागे वळून बघायला लागल्या. मग गूळ-खोबऱ्याचे पोहे आले, कोरा चहा आला. इथे इकडेतिकडे चौकशी न करता पाहुण्याला पंगतीत बसवून टाकतात. नंतरच्या तीन दिवसांत आम्ही याच्या दहापट पैसे मोजून बसलो आणि दर वेळी कुणीतरी आमचं मनगट तपासलं, पट्टा बांधलाय का म्हणून.

तोवर पूर्ण अंधार पडला होता. मेस्ताने शेडमधला दिवा मालवला.

आधी गाडी चालू केली आणि उभ्या उभ्या तापू दिली. पंधरा-वीस मिनिटांनी ती मेली, ठरल्यासारखी. त्याने कार्बोरेटरपाशी पेट्रोलचा पाइप सोडला, मामांना स्विच द्यायला सांगितला. मागून पंपाची टकटक आली आणि पेट्रोलची चूळ डब्यात पडली. "पेट्रोल आहे," तो म्हणाला. मग डेलकोचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं, टोपण काढलं. आत मधल्या दांड्यावर रोटर असतो, अंगठ्याच्या पेराएवढा काळा बॅकेलाइटसारखा तुकडा, वर पितळेची पट्टी. कॉइलचा करंट या पट्टीवर येतो आणि रोटर फिरत फिरत तो एकेका प्लगला वाटतो. पट्टीखालून मात्र काही जाता कामा नये. खाली दांडा आहे, आणि दांडा म्हणजे बॉडी.

कॉइलची मधली जाडी वायर त्याने पकडीत धरली आणि तिचं टोक रोटरच्या पट्टीपासून दोन-तीन मिलिमीटरवर आणलं. दुसऱ्या हाताने स्क्रूड्रायव्हरने पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी टोकं, उघडले.

टिच्.

निळी, केसाएवढी ठिणगी. वायरच्या टोकातून निघाली आणि पट्टीत शिरली. पुन्हा पॉइंट उघडले, पुन्हा टिच्. मला वाटलं, छान, करंट आहे. मामांना लगेच कळलं. अंधारात त्यांचा श्वास ऐकू आला.

"उडायला नको," मेस्त म्हणाला. "रोटर चांगला असेल तर तिला जायला जागा नाही, ती उडणारच नाही. उडतेय म्हणजे आतून बॉडीला जाते."

दिवा लावला. त्याने रोटर उपटून उलटा केला. पट्टी जागेवर बसवायला खालून एक रिव्हेट मारलेला होता, आणि त्याचं टोक दांड्याच्या भोकाच्या अगदी जवळ. मधे जेमतेम कागदाएवढं प्लॅस्टिक. थंड असताना ते टिकायचं, तापलं की हार मानायचं. उजेडात हा तुकडा अगदी नवाकोरा दिसत होता, कारण तो नवाकोरा होता.

"हा कधी घातला?"

मामा माझ्याकडे बघायला लागले.

तर झालं असं होतं. दिवाळीत मी मामांना भेट म्हणून 'ट्यून-अप किट' मागवलं होतं, ऑनलाइन, साडेतीन हजारांचं, चकचकीत डब्यातलं. जुन्या रोटरची एक कड टवका गेलेली दिसत होती, म्हणून मीच तो काढला आणि नवा घातला. मामा म्हणाले होते, चालतंय ते कशाला बदलतोस. मी त्यांना सुरक्षेवर भाषण दिलं होतं.

"बरं, मग जुना द्या," मेस्त म्हणाला. "गाडीत असेलच."

असायला हवा होता. मामा प्रत्येक काढलेला पार्ट टूलकिटच्या कापडात गुंडाळून ठेवतात, कधी लागेल सांगता येत नाही म्हणून. निघायच्या आदल्या दिवशी ते कापड मी साफ केलं होतं. जळके पॉइंट, वाकडे स्क्रू, जुने प्लग, सगळा कचरा. घंटागाडीत.

मामा काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मेस्ताने फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यात बोटं फिरवली. अ‍ॅम्बॅसेडरचे सुटे पार्ट. एक रोटर निघाला, त्याने नव्या शर्टालाच पुसला, बसवला आणि टिचकी मारून पाहिलं. बसला. बसणारच होता. अ‍ॅम्बॅसेडरचं जुनं पेट्रोल इंजिन आणि या एमजीएचं इंजिन एकाच घराण्यातलं, इंग्लंडचं बी-सिरीज, दोन्ही १४८९ सीसी. एकीला तरुण पोरं घेऊन फिरायची आणि दुसरीत आमदार बसायचे, पण बोनेटखाली सख्ख्या बहिणी. ही गोष्ट मामांना गेली तीस वर्षं माहीत आहे, आणि ती ते पाहुण्यांना कधीही सांगत नाहीत. त्या रात्री मेस्ताच्या सगळ्या घरादारासमोर ती बाहेर आली. मेस्ताची बायको म्हणाली, "म्हणजे आमची जुनी टॅक्सीच की!"

गाडी तासभर चालू ठेवली. मेली नाही.

बिल सातशे रुपये, त्यातले दोनशे टिप्परवाल्याचे. मामांनी दोन हजार पुढे केले, त्याने तेराशे मोजून परत दिले आणि जुना रोटर मागितला, म्हणजे माझा नवा. घ्या म्हटलं. किट विकणाऱ्यांना मी मोरजीहून मेल केला. उत्तर आलं की परत करायची मुदत संपली आहे आणि आमच्या सेवेला किती तारे द्याल?

जुन्या गाडीतला चालू पार्ट काढू नये, असा सल्ला इथे द्यायचा होता. पण खरं सांगतो, परवाच मी नवा कंडेन्सर मागवलाय. दुसऱ्या दुकानातून. मामांना सांगितलेलं नाही.

परत येताना चोर्ल्यानेच आलो आणि मेस्ताकडे थांबलो, मामांना त्या डब्यातले आणखी दोन रोटर हवे होते. मी आधी भिंतीपाशी गेलो. अनमोडच्या शाफ्टशेजारी, सुतळीने बांधलेला, माझा रोटर. त्यावर पांढऱ्या रंगात 'केरी'.

मामांनी चष्मा काढून जवळून वाचलं. "केरी चूक आहे हो," ते म्हणाले. "केरीच्या पुढे, साखळीच्या अलीकडे."

मेस्त डब्यात रोटर शोधत होता. मान वर न करता म्हणाला, "एवढी जागा नाही त्याच्यावर."